पॉल बनियनचे मूळ शोधताना : एकली ते बे सिटी

दिवस पहिला : मिनिआपोलिस, एकली, बेमिजी

लेक सहा वर्षांची असताना मिनेसोटातील एकली या छोट्या गावी, एक गुडघा टेकून बसलेल्या एका प्रचंड पुतळ्याच्या तळहातावर आम्ही तिला बसवले होते. खाली उतरल्यावर तिने विचारले होते, "आई, हा खरंच होता का गं?" गोष्टीतला आहे, एवढेच उत्तर मी तेव्हा दिले. या ऑगस्टमध्ये ती पुढच्या शिक्षणासाठी मिशिगनमधील अ‍ॅन आर्बरला निघाली, आणि सामान गाडीतूनच न्यायचे ठरले, तेव्हा सरळ दोन दिवसांत पोहोचण्याऐवजी सहा दिवसांचा वळसा घेऊन त्या जुन्या प्रश्नाचा माग काढावा, असे मी सुचवले. तिनेही ते आनंदाने मान्य केले.

पुतळा पॉल बनियनचा आहे. मेन राज्यापासून मिनेसोटापर्यंत पसरलेल्या अमेरिकेच्या उत्तरेकडील अरण्यांत लाकूडतोड्यांच्या तळांवर ज्याच्या गोष्टी सांगितल्या जात, तो हा महाकाय लाकूडतोड्या. त्याच्या पावलांच्या ठशांत पाणी साचून मिनेसोटाची दहा हजार सरोवरे झाली, आणि त्याने कुऱ्हाड मागे ओढत नेली त्या खुणेची ग्रँड कॅन्यन झाली. त्याच्या निळ्या बैलाच्या, बेबच्या, दोन डोळ्यांमधले अंतर कुऱ्हाडीच्या बेचाळीस दांड्यांइतके होते, असेही या गोष्टी सांगतात. अमेरिकेतील मुलांना या गोष्टी शाळेत भेटतात. त्यांच्यामागे कोणी हाडामांसाचा माणूस होता का, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ वादाचा राहिला आहे.

शोधाची सुरुवात एकलीपासून करण्यामागे कारण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावात टी. बी. वॉकर यांच्या रेड रिव्हर लंबर कंपनीची मोठी लाकूड कापण्याची गिरणी होती. मिनिआपोलिसमध्ये आम्ही ज्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये नेहमी जातो, ते याच वॉकर यांच्या संग्रहातून उभे राहिले. मिनेसोटातला पांढरा पाइन संपत आला, तेव्हा कंपनीने कॅलिफोर्नियात वेस्टवुड येथे नवी गिरणी वसवली. तिथले लाकूड गिऱ्हाइकांच्या ओळखीचे नव्हते, म्हणून जाहिरातीची गरज निर्माण झाली. हे काम विल्यम लॉहेड यांच्याकडे आले. तरुणपणी ते स्वतः मिनेसोटातील तळांवर राबले होते, आणि तिथे ऐकलेला पॉल बनियन त्यांनी १९१४ साली एका पुस्तिकेत कंपनीचा जणू प्रतिनिधीच करून उभा केला. बैलाला 'बेब' हे नाव लॉहेड यांनीच दिले. पॉलचा हिशेबनीस जॉनी इंकस्लिंगर हाही त्यांचाच. कंपनीने या व्यक्तिरेखेवर हक्क राखून ठेवला नाही, त्यामुळे ज्याला हवे त्याने तिला उचलले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पॉल बनियन देशभर पोहोचला.

म्हणजे ज्याच्या तळहातावर माझी लेक बसली होती, तो पॉल पुष्कळ अंशी एका जाहिरातपुस्तिकेचा वंशज होता. रिचर्ड डॉर्सन या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी १९५० साली अशा साहित्यासाठी 'फेकलोर' ('फेक' आणि 'फोकलोर' जोडून, म्हणजे बनावट लोकसाहित्य) असा शब्दच घडवला, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणून पॉल बनियनकडे बोट दाखवले. त्यांची टीका मला पटते, पण पूर्ण पटत नाही. लॉहेड यांनी गोष्ट रंगवली हे खरे असले, तरी ती त्यांनी कोणाच्या तरी तोंडून ऐकली होती, आणि ते तोंड कोणाचे, हेच आम्हाला पाहायचे होते. पुतळ्याचा तळहात अजून तसाच आहे. लेक पुन्हा त्यावर बसली आणि मी तसेच छायाचित्र घेतले.

संध्याकाळी बेमिजीला पोहोचलो. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेतील या नावाचा संबंध सरोवरातून आडवे जाणाऱ्या पाण्याशी आहे, कारण नुकतीच उगम पावलेली मिसिसिपी नदी इथल्या सरोवराच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. काठावर पॉल आणि बेब यांची १९३७ सालची जोडी उभी आहे. पॉलची उंची १८ फूट असून, गावाच्या तत्कालीन महापौरांच्या देहाची मापे तिपटीने वाढवून तो घडवला गेला. प्रमाणे काहीशी ओबडधोबड आहेत, पण मला या ओबडधोबडपणात एक सच्चेपणा जाणवला. जवळच शेनाविशकुंग या ओजिब्वे पुरुषाचा कांस्यपुतळा आहे. वसाहतवाले त्याला चीफ बेमिजी म्हणत. हा पुतळा २०१५ साली बसवला गेला. १८३७ साली ओजिब्वे लोकांशी झालेला तह 'व्हाइट पाइन तह' म्हणूनच ओळखला जातो, कारण सरकारला त्या भूमीवरचे पाइन हवे होते. ओजिब्वे लोक आज एक निराळीच गोष्ट सांगतात : त्यांच्या नानाबोझो या वीराने पॉल बनियनशी चाळीस दिवस झुंज दिली, अखेर रेड लेक सरोवरातला एक मोठा मासा हाती घेऊन त्याने पॉलला झोडपून काढले, आणि म्हणून तिथली झाडे वाचली. ज्यांचे अरण्य गेले, त्यांच्या बाजूने ही गोष्ट ऐकल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटले नसते.

दिवस दुसरा : डुलुथ

बेमिजीपासून डुलुथपर्यंतचा रस्ता दीड-पावणेदोनशे मैलांचा आहे आणि जवळजवळ सगळाच झाडीतून जातो. ही झाडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची आहे, खोडे बारीक आणि एकमेकांना चिकटून.

डुलुथला थांबण्याचे कारण एक जुने वर्तमानपत्र होते. ४ ऑगस्ट १९०४ रोजी 'डुलुथ न्यूज ट्रिब्यून'मध्ये आलेला एक लहानसा मजकूर हा पॉल बनियनच्या सर्वांत जुन्या छापील उल्लेखांपैकी एक मानला जातो. त्याची प्रत माझ्या वहीत होती, आणि सुपीरियर सरोवराच्या काठावरील बाकावर बसून मी ती मोठ्याने वाचली. तळावर नव्याने आलेल्या पोराची परीक्षा घेण्यासाठी त्याला पॉल बनियनने नॉर्थ डकोटात लाकूड तोडले त्या वर्षीच्या गोष्टी ऐकवल्या जात, असे त्यात म्हटले आहे. ते निळ्या बर्फाचे वर्ष होते. पॉलच्या माणसांची झोपडी अर्धा चौरस मैल व्यापत असे. स्वयंपाकाची चूल इतकी लांब होती, की सकाळी धिरडी घालण्यापूर्वी ती तेलकट करण्यासाठी बल्लवाच्या पायांना डुकराच्या मांसाचे दोन मोठे तुकडे बांधून त्याला अर्धा मैल लांबीच्या काळ्या चकचकीत तव्यावरून धावायला लावत.

नॉर्थ डकोटा हा गवताळ माळरानाचा मुलूख आहे, तिथे तोडायला अरण्य कुठले? ज्याला हे ठाऊक आहे तो हसणार, आणि ज्याला ठाऊक नाही तो तोंड उघडे टाकून ऐकणार. आपल्या भाषेत ज्याला लोणकढी थाप म्हणतात, ती हीच. सांगणाऱ्याने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता ती सांगायची असते. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या मजकुरात पॉल स्वतः किती उंच आहे, याचा एक शब्दही नाही. अवाढव्य आहे ती झोपडी, चूल आणि तोडलेल्या लाकडाची रास. त्याचे शरीर डोंगराएवढे झाले ते पुढे, चित्रांत आणि पुतळ्यांत. मी हे म्हणताच लेकीने विचारले, "म्हणजे आपण जसजसे मागे जाऊ, तसतसा तो लहान होत जाणार?" तेव्हा मी नुसतीच मान हलवली.

दिवस तिसरा : टोमाहॉक, विस्कॉन्सिन

डुलुथचा पूल ओलांडून विस्कॉन्सिनमध्ये शिरलो आणि हर्लीपासून दक्षिणेकडे वळून दुपारी टोमाहॉकला आलो. विस्कॉन्सिन नदीच्या काठचे हे शांत गाव आहे, आणि पॉल बनियनच्या इतिहासात त्याला मोठा मान आहे. मायकेल एडमंड्स या विस्कॉन्सिनच्या इतिहासकारांनी आठवणी, पत्रे आणि टिपणे चाळून असा निष्कर्ष काढला, की पॉलच्या गोष्टी सांगितल्या गेल्याचा सर्वांत जुना विश्वासार्ह पुरावा टोमाहॉकच्या उत्तरेकडील एका तळावरचा, १८८५–८६ च्या हिवाळ्यातला आहे. तो तळ आज कुठेही दिसत नाही. गावाबाहेर नदीकाठाने थोडे चाललो, एवढेच.

पण त्या एका हिवाळ्याला महत्त्व आहे. लॉहेड यांच्या पुस्तिकेच्या जवळपास तीस वर्षे आधी ही गोष्ट तोंडातोंडी फिरत होती, हे त्यातून सिद्ध होते. विस्कॉन्सिनमध्येच बर्निस स्टुअर्ट या विद्यार्थिनीने होमर वॉट या प्राध्यापकांच्या साहाय्याने जुन्या लाकूडतोड्यांकडून या गोष्टी टिपून घेतल्या आणि १९१६ साली त्यांचा पहिला अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला. ज्या तळांवर स्त्रियांना सहसा प्रवेशही नव्हता, तिथल्या पुरुषांच्या गप्पा एका तरुण मुलीने जपून ठेवल्या, याचे मला फार अप्रूप वाटते. गोष्टी सांगणारा आपण पॉलच्या हाताखाली काम केल्याच्या थाटात बोलत असे, आणि दुसरा लगेच त्यावर कडी करण्याचा प्रयत्न करी, असे त्यांनी नोंदवले आहे. पॉलच्या मुळाशी कोणी तरी कसबी, नावाजलेला लाकूडतोड्या प्रत्यक्षात असावा आणि त्याच्याभोवती आधीच्या थापा गोळा होत गेल्या असाव्यात, असे त्यांचे मत होते.

दिवस चौथा : ऱ्हाइनलँडरमार्गे मॅकिनॉ पूल

हा संपूर्ण दिवस गाडीतच गेला. सकाळी ऱ्हाइनलँडर लागले. यूजीन शेपर्ड नावाच्या जंगल-पाहणी करणाऱ्या माणसाने १८९३ साली येथे 'होडॅग' नावाचे शिंगे-सुळे असलेले जनावर मारल्याचा बनाव केला, आणि १८९६ साली जिवंत होडॅग पकडल्याचे सांगून लाकूड-कातड्याचे सोंग जत्रेत तिकीट लावून दाखवले. पॉल बनियनच्या गोष्टी सांगण्यातही तो पटाईत होता. या प्रदेशात थाप हा कलाप्रकार कसा नांदत होता, ते समजण्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

पुढे मिशिगनचा उत्तरेकडील द्वीपकल्प लागला आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर फ्रेंच नावे दिसू लागली. मिशिगन सरोवर डाव्या-उजव्या वळणांनी सतत सोबत होते. एपुफेट नावाच्या वाडीजवळ आम्ही डबा उघडला. मेथीचे ठेपले, लसणाची चटणी आणि समोर समुद्रासारखे सरोवर, असा तो थांबा होता. तिथेच मी लेकीला 'बों जाँ'ची कथा सांगितली.

क्युबेकमधील फ्रेंच शेतकऱ्यांनी १८३७ साली ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड केले. त्या चळवळीचा पुढारी लुई-जोसेफ पापिनो होता, म्हणून ते पापिनोचे बंड म्हणूनही ओळखले जाते. १४ डिसेंबर १८३७ रोजी सेंट-यूस्ताश या गावी सैन्याने बंडखोरांना चर्चमध्ये कोंडले, आग लावली, आणि त्यांचा नेता ज्याँ-ऑलिव्हिए शेनिए मारला गेला. जेम्स स्टीव्हन्स या लेखकाने १९२५ साली असे लिहिले, की या लढाईत पॉल बोंज्याँ, म्हणजेच बों जाँ, नावाचा दाढीवाला, दणकट लाकूडतोड्या मोठ्या शौर्याने लढला आणि त्याच्याच नावाचे पुढे 'बनियन' झाले. कथा ऐकायला भारदस्त आहे, आणि बंडाचा इतिहास अक्षरशः खरा आहे. परंतु त्या लढाईत या नावाचा वीर असल्याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. मला यातले नाव तेवढे घ्यावेसे वाटते. क्युबेकचे हजारो तरुण पोटासाठी दक्षिणेला, मेन आणि मिशिगनच्या जंगलांत आले, त्यांची भाषा इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्यांच्या जिभेवर वळली-वाकली, आणि 'बनियन'च्या उच्चारात फ्रेंच कानाला काही ओळखीचे ऐकू यावे, हे अगदी स्वाभाविक आहे. मेनमधील बँगोर शहर तर पॉलचा जन्म १२ फेब्रुवारी १८३४ रोजी आपल्याकडे झाला असे सांगते आणि १९५९ साली त्याने ३१ फुटांचा पुतळाही उभारला. पण ती तारीख मुळात बँगोरला शहराचा दर्जा मिळाल्याची आहे.

सूर्यास्ताच्या सुमारास पाच मैल लांबीचा मॅकिनॉ पूल ओलांडला आणि रात्री ग्रेलिंगला मुक्काम केला.

दिवस पाचवा : हार्टविक पाइन्स, ओ सेबल नदी, ओस्कोडा

या प्रवासात ज्या एका जागेसाठी मी पुन्हा येईन, ती ही. ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्स उद्यानात न तोडलेल्या पांढऱ्या पाइनचे ४९ एकरांचे रान आहे. कॅरेन हार्टविक यांनी आपल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ १९२७ साली ही जमीन राज्याला दिली. तो पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मरण पावला होता. तेव्हा जुनी झाडे सुमारे ८५ एकरांवर होती, पण नोव्हेंबर १९४० च्या वादळात त्यांतली बरीच कोसळली. आत शिरल्यावर आवाज बदलतो. पायाखाली सुयांसारख्या पानांचा थर असतो, आणि खोडे दीडशे फूट सरळ वर जातात, पहिली फांदीच कित्येक मजले वर फुटलेली. लेकीने एका खोडाला कवेत घेतले तेव्हा तिचे हात निम्म्यापर्यंतही पोहोचले नाहीत. एका काळी राज्याचा मोठा भाग असाच होता, आणि पन्नास-साठ वर्षांत तो माणसांच्या हातांनी, कुऱ्हाडीने आणि करवतीने भुईसपाट झाला. कामाची ही व्याप्ती पाहिली, की निव्वळ सहा फुटांच्या माणसांनी हे केले असेल यावर विश्वास ठेवण्यापेक्षा एका राक्षसावर ठेवणेच सोपे वाटते.

रानाच्या कडेला १९३० च्या दशकात, मंदीच्या काळातील सरकारी कामगार तुकड्यांनी बांधलेले लाकूडतोड संग्रहालय आहे. तिथली झोपण्याची खोली पाहिली, तेव्हा पॉल बनियनचे खरे जन्मस्थान समोर असल्यासारखे मला वाटले. भिंतीला लागून दुमजली फळ्यांचे बिछाने, मध्ये शेगडी, आणि बिछान्यांच्या पायथ्याशी लांबच लांब बाक. या बाकाला 'डीकन सीट' म्हणत. दिवस उजाडण्यापूर्वी कामाला लागलेली माणसे अंधार पडल्यावर परत येत. जेवणाच्या खोलीत बोलण्याची मनाई असे, कारण बोलण्यात वेळ जातो आणि भांडणे होतात, असे बल्लवाचे म्हणणे. घेवडा, खारवलेले डुकराचे मांस, धिरडी आणि चहा मुकाट्याने संपवून ती डीकन सीटवर येऊन बसत. शेगडीवर ओले मोजे वाळत असत, आणि नऊच्या सुमारास दिवा मालवेपर्यंत जो काय तासाभराचा अवकाश मिळे, तो फक्त त्यांचा असे. दारू तळावर चालत नसे, वाचता सगळ्यांना येत नसे, आणि एका बाकावर आयरिश, स्वीड, फिन, फ्रेंच-कॅनेडियन शेजारी शेजारी बसलेले. अशा ठिकाणी ज्याला गोष्ट सांगता येते, त्याची किंमत मुकादमापेक्षा कमी नसणार.

काम हिवाळ्यातच चाले, कारण ओंडके ओढायला बर्फ हवा. रात्री टाकीगाडीने रस्त्यावर पाणी शिंपडून त्याचा गुळगुळीत बर्फ करत, म्हणजे घोड्यांची एक जोडी डोंगराएवढा भार स्लेजवरून नेऊ शके. प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर मालकाचा शिक्का हातोडीने ठोकला जाई. वसंतात नद्या फुगल्या की लाखो ओंडके पाण्यात सोडून देत, आणि खिळ्यांच्या बुटांनी त्यांवर नाचणारी माणसे त्यांना खाली गिरण्यांपर्यंत हाकत नेत. पाय घसरला तर ओंडक्यांच्या छताखाली माणूस वर येऊ शकत नसे.

ज्या नदीतून ग्रेलिंगचे लाकूड वाहत गेले, त्या ओ सेबलच्या कडेकडेने आम्ही दुपारी पूर्वेला निघालो. ग्रेलिंग हे मूळ एका देखण्या, पालासारख्या उंच परांच्या माशाचे नाव. ओंडक्यांनी नदीचा तळ खरवडला, काठची सावली गेली, मासेमारीही बेसुमार झाली, आणि १९३० च्या दशकापर्यंत मिशिगनमधून तो मासा नाहीसा झाला. गावाला फक्त त्याचे नाव उरले आहे. वाटेत लाऊड धरण लागते. हे नाव लाकूडव्यवसायातील लाऊड घराण्याचे, आणि त्या घराण्याची एच. एम. लाऊड कंपनी आमच्या शोधाला फार महत्त्वाची आहे, ती का, ते पुढे येईल. धरणापलीकडे नदीच्या उंच कड्यावर १९३२ साली उभारलेले लाकूडतोड्यांचे स्मारक आहे. १४ फूट उंचीच्या या कांस्यशिल्पात तिघे जण आहेत : जंगलाची पाहणी करणारा, करवत घेतलेला, आणि ओंडके हाकणारा. चौथरा लाकूडमालकांच्या घराण्यांच्या स्मृतीला वाहिलेला आहे, आणि वरचे तिघे बिननावाचे आहेत. ते मला खटकले, आणि अजूनही खटकते.

संध्याकाळी ह्यूरन सरोवराकाठी ओस्कोडाला पोहोचलो. येथील 'ओस्कोडा प्रेस'मध्ये १० ऑगस्ट १९०६ रोजी जेम्स मॅकगिलिव्हरे यांची 'राउंड रिव्हर' ही गोष्ट आली, आणि २४ जुलै १९१० रोजी तीच विस्तारून 'डेट्रॉइट न्यूज'ने छापली. पॉलची मंडळी वसंतात ओंडके नदीत सोडून हाकत निघतात, काही दिवसांनी काठावर एक तळ दिसतो, आपल्याच तळासारखा. आणखी काही दिवसांनी पुन्हा तसाच तळ. तिसऱ्यांदा दिसल्यावर त्यांच्या ध्यानात येते, की हा आपलाच तळ आहे : नदी गोल आहे आणि तिला मुखच नाही. सबंध हिवाळ्याची मेहनत फुकट. ओ सेबलच्या मुखाशी उभे राहून ही गोष्ट आठवली, तेव्हा तिच्यातल्या विनोदामागचा थकवा मला प्रथमच कळला.

मॅकगिलिव्हरे यांनी तरुणपणी लाऊड कंपनीच्या तळांवर काम केले होते. तिथेच त्यांनी या गोष्टी ऐकल्या असाव्यात. कंपनीचे ओस्कोडा-ओ सेबल पाहायला मात्र आज काही शिल्लक नाही. ११ जुलै १९११ च्या वणव्यात दोन्ही गावे जळून गेली. झाडे तोडून गेल्यावर मागे उरलेला वाळका पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा, या दोहोंनी अशा कित्येक गावांचा बळी घेतला.

दिवस सहावा : बे सिटी

ओस्कोडापासून बे सिटीपर्यंत सरोवराकाठचा रस्ता दीड तासाचा आहे. सॅगिनॉ नदीच्या या शेवटच्या काही मैलांत एके काळी लाकूड कापण्याच्या गिरण्या एकीला लागून एक उभ्या होत्या. १८८२ या एका वर्षात त्यांनी शंभर कोटी बोर्ड फुटांच्या आसपास लाकूड कापले. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. वसंतात हिवाळ्याचा पगार खिशात घेऊन जंगलातून उतरणाऱ्यांसाठी वॉटर स्ट्रीटवर दारूचे गुत्ते ओळीने होते, आणि त्या पट्ट्याला 'हेल्स हाफ माइल', म्हणजे नरकाचा अर्धा मैल, असे नाव पडले होते. आता तिथे जुन्या वस्तूंची दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. विटांच्या इमारती शाबूत आहेत.

याच शहराच्या नोंदींत फॅबियन फूर्निए नावाचा लाकूडतोड्या सापडतो. त्याचा जन्म १८४५ च्या सुमारास क्युबेकमध्ये झाला आणि अमेरिकन यादवी युद्धानंतर, अधिक मजुरी मिळते म्हणून, तो मिशिगनमध्ये आला. त्याची उंची सहा फूट होती. त्या काळच्या माणसांत ती डोळ्यांत भरण्याजोगी होती. हात मोठे, आणि तोंडात दातांच्या दुहेरी ओळी, असे त्याचे वर्णन केले जाई. गुत्त्याच्या लाकडी कठड्याचा तो दातांनी लचका तोडी, आणि हीच आपली सही असे सांगे, असे लोक म्हणत. 'सॅगिनॉ जो' या नावाने तो प्रसिद्ध होता, भांडखोर होता, आणि जंगलात मुकादम म्हणून नावाजलेला होता. १८६५ ते १८७५ या काळात ग्रेलिंगच्या परिसरात तो ज्या कंपनीसाठी राबला, ती एच. एम. लाऊड कंपनी. मॅकगिलिव्हरे पुढे जिच्या तळांवर गेले, तीच. नोव्हेंबर १८७५ मध्ये बे सिटीत त्याच्या डोक्यात मागून लाकडी हातोडा घातला गेला आणि तो मेला. रॉबर्टसन नावाच्या माणसावर खुनाचा खटला चालला, वर्तमानपत्रांनी तो गाजवला, आणि आरोपी निर्दोष सुटला.

मिशिगनचे लेखक डी. लॉरेन्स रॉजर्स यांनी हे धागे एकत्र गुंफून असे मांडले, की पॉल बनियनचा देह फूर्निएचा आणि नाव बों जाँचे. मी त्यांचे म्हणणे पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. १८७५ मध्ये मृत्यू, तळातळांवर गाजलेला खटला, दहा वर्षांनी टोमाहॉकजवळ पॉलच्या गोष्टींचा पहिला माग, आणि लाऊडच्याच तळांवरून आलेल्या माणसाच्या हातून पहिली विस्तृत छापील कथा : कालक्रम जुळतो, जागाही जुळते. परंतु जुन्या गोष्टींत फूर्निएचे नाव कुठेही येत नाही, आणि ना त्या दातांचे वर्णन. त्यामुळे तोच पॉल असे मी म्हणणार नाही. डीकन सीटवर बसलेल्यांना त्याची आठवण सांगण्यासारखी वाटली असेल, आणि अशा दहा-वीस आठवणींतून त्यांनी आपला माणूस घडवला असेल, इतके मात्र मी निःशंकपणे मानते.

शहरातून फिरताना आणखी एका गोष्टीचा विचार मनात येत होता. जुलै १८८५ मध्ये, म्हणजे टोमाहॉकच्या त्या हिवाळ्याच्या काही महिने आधी, याच नदीकाठच्या गिरणी कामगारांनी 'दहा तास, नाहीतर भुसा नाही' अशी घोषणा देत संप केला होता. दिवसाचे काम दहा तासांवर आणावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. राज्यपाल रसेल अल्जर स्वतः लाकूडव्यवसायात गबर झालेले होते. त्यांनी सैनिकांच्या तुकड्या पाठवल्या. अर्धा मैल लांबीच्या चुलीवर धिरडी भाजून घेणारा पॉल याच लोकांच्या तोंडून पुढे आला, हे ध्यानात घेतले, की पोटभर जेवणाची आणि दिवस संपण्याची त्यांना किती आस होती, ते कळते.

दुपार उलटल्यावर वेनोना पार्कच्या काठावर आलो. पाणी संथ होते, काही लहान नौका परतत होत्या, आणि पलीकडच्या तीरावर गिरणीचा मागमूस नव्हता. लेक बराच वेळ कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने हात डोक्याच्या वर धरून हवेतच माप घेतले. "सहा फूट म्हणजे, आई, बाबांपेक्षा चार बोटंच उंच होता की तो." मी हो म्हटले. अ‍ॅन आर्बरपर्यंत अजून दोन तासांचा रस्ता होता आणि तिला अंधारापूर्वी पोहोचून खोलीची किल्ली घ्यायची होती, म्हणून आम्ही गाडीकडे निघालो.